उड्डाणापूर्वीचा एक आकडा



मार्केट यार्डात हमालांची संघटना बांधण्यात ज्याचे अर्धे आयुष्य गेले, त्याने विमानाच्या पंखांविषयी बोलावयास उभे राहावे, याचे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटेल. माझे शालेय शिक्षण फारसे झालेले नाही. जे काही शिकलो ते वाचनालयात आणि भुसार बाजारातल्या पोत्यांच्या थप्पीवर बसून. विमानात मी आजवर दोनदाच बसलो आहे. तरीही हा विषय मी आपण होऊन मागून घेतला. त्याचे कारण प्रथम सांगितले पाहिजे.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ जातीचे विमान जमीन सोडल्यावर सुमारे अर्ध्या मिनिटात एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील २४२ माणसांपैकी एकच वाचला. जमिनीवरची १९ धरून एकूण २६० माणसे गेली. त्या दिवशी संध्याकाळी यार्डातल्या चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. कोणीतरी मोबाइलवर ऐकून आला होता. तो म्हणाला, "काही नाही, पायलट फ्लॅप लावायला विसरला." फ्लॅप म्हणजे काय हे सांगणाऱ्याला ठाऊक नव्हते, ऐकणाऱ्यांना नव्हते, आणि मलाही नव्हते. तरी आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी गेल्यावर त्या डोलावलेल्या मानेची मला लाज वाटू लागली. ती का वाटली, हे पुढे येईल.

आमच्या एका सहकाऱ्याचा मुलगा इंजिनियरिंग शिकतो. जुना संगणक विकत घेऊन त्याने त्यावर विमान चालविण्याचा सिम्युलेटर बसविला आहे. सिम्युलेटर म्हणजे खोटे विमान. त्यात सारे असते, फक्त मरण नसते. पुढच्या रविवारी मी त्याच्याकडे गेलो. त्याने मला खुर्चीवर बसविले आणि विचारले, "काका, सांगा बघू, विमान पूर्ण भरलंय. फ्लॅप पाच लावायचा की वीस?" मी म्हणालो, "वीस लाव. आधार जास्त असलेला बरा." तो हसला आणि म्हणाला, "तिथंच सगळे फसतात." त्या दिवसापासून मी या विषयामागे लागलो.

फ्लॅप म्हणजे पंखाच्या कडेला जोडलेले, पुढेमागे आणि खाली सरकणारे पत्रे. घार झाडावर उतरताना पंख आणि शेपूट पसरते, ते आपण पाहिले आहे. वेग कमी झाला तरी अंग तोलून धरावे, यासाठी ती तसे करते. मोठ्या विमानाचा पंख वेगात उडण्यासाठी घडविलेला असतो. जमिनीवरून उठताना त्याला तेवढा वेग मिळत नाही. म्हणून उड्डाणापूर्वी फ्लॅप बाहेर काढून पंखाची रुंदी आणि वक्रता वाढवितात. मग कमी वेगातही विमान उचलले जाते, आणि धावपट्टी कमी पुरते.

हे इतके सोपे असते तर नेहमीच जास्तीत जास्त फ्लॅप लावून मोकळे होता आले असते. परंतु फ्लॅप जसा वाढतो तसा हवेचा अडथळाही वाढतो. जमीन लवकर सुटते, पण सुटल्यावर विमान जड पावलांनी चढते. उलट, फ्लॅप थोडा ठेवला तर लांब धावावे लागते आणि वेगही जास्त लागतो, पण एकदा उठले की चढ हलका जातो. आम्हा हमालांना हे ट्रकला लावावयाच्या फळीवरून कळते. आखूड फळीला जागा थोडी लागते, पण तिचा चढ छातीवर येतो. लांब फळीचा चढ सोपा, पण तिला मागे मोकळी जागा हवी. उपमा सर्वांगांनी जुळणारी नाही. तरी जागा वाचविली की चढ महाग पडतो, एवढे तिच्यावरून ध्यानात यावे.

आता चढ किती असावा, हे वैमानिकाच्या मर्जीवर सोडलेले नाही. धावपट्टीवर एका ठरावीक वेगानंतर विमान थांबविता येत नाही. त्याला निर्णयाचा वेग म्हणतात. त्या क्षणी एक इंजिन बंद पडले तरी उरलेल्या बळावर विमान वर गेलेच पाहिजे. दोन इंजिनांच्या विमानाने चाके आत घेतल्यावर एका इंजिनावर दर १०० मीटर पुढे जाताना किमान २.४ मीटर वर चढावे आणि चार इंजिनांच्या विमानाने तीन इंजिनांवर ३ मीटर, असे हिशेब नियमांतच बांधून दिलेले आहेत. फ्लॅप निवडताना एका बाजूला धावपट्टीची लांबी आणि दुसऱ्या बाजूला हा चढ, अशा दोन्ही अटी एकदम पाळावयाच्या असतात.

त्यात जागेचा आणि ऋतूचा भाग येतो. मुंबईचा विमानतळ समुद्रसपाटीजवळ असून त्याची मोठी धावपट्टी सुमारे ३,४०० मीटरांची आहे. आपले लोहगाव समुद्रसपाटीपासून ५९२ मीटर उंच आहे आणि तेथील धावपट्टी सुमारे २,५०० मीटरांची. उंचीवर हवा विरळ, आणि वैशाखातल्या दुपारी ती अधिकच विरळ. विरळ हवेत पंखाला पकड कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही उतरतो. म्हणून मुंबईत पहाटे बरोबर असलेला आकडा पुण्यात दुपारी बरोबर असेलच असे नाही. विमान तेच, वैमानिक तोच, पण हिशेब नवा.

पूर्वी हा हिशेब नव्हता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल पुढे मद्रासकडे नेले. ते पस मॉथ जातीचे विमान एका इंजिनाचे आणि चिमुकले होते. आजच्यासारखे फ्लॅप त्याला नव्हते. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा टाटांची विमाने आपल्या येरवड्याच्या मैदानावर येत. त्या काळी वैमानिकाची नजर हेच मुख्य साधन होते. पुढे १९६० साली एअर इंडियाची बोइंग ७०७ जातीची जेट विमाने आली, आणि एप्रिल १९७१ मध्ये 'एम्परर अशोक' हे पहिले जंबो मुंबईत उतरले. पूर्ण भरलेल्या जंबोचे वजन साडेतीनशे टनांच्या घरात जाते. यार्डाच्या भाषेत सांगावयाचे तर दहा टनांचे पस्तीस भरलेले ट्रक एकदम आकाशात उचलावयाचे. हे काम नुसत्या नजरेचे उरले नाही. जंबोला उड्डाणासाठी १० किंवा २० अंश फ्लॅप लावीत. आकडे दोनच, पण त्यांतल्या प्रत्येकाशी वेगाचे वेगळे कोष्टक बांधलेले असे.

हे कोष्टक किती महत्त्वाचे, ते जगाला त्याच वर्षी कळले. ३० जुलै १९७१ रोजी सान फ्रान्सिस्कोहून पॅन अमेरिकन कंपनीचे जंबो निघाले होते. वैमानिकांनी हिशेब एका लांब धावपट्टीसाठी केला होता. ती बंद असल्याचे विमान जागेवरून हलल्यावर कळले. आखूड पट्टी घ्यावी लागली, म्हणून त्यांनी फ्लॅप १० ऐवजी २० केला. तो निर्णय योग्यच होता. परंतु वेगाचे आकडे १० अंशांचेच राहिले. त्यामुळे विमान उठावयास हवे तेव्हा उठविले गेले नाही, आणि पट्टीच्या टोकाशी असलेल्या दिव्यांच्या सांगाड्यावर आदळून ते वर गेले. त्यातले लोखंड प्रवाशांच्या कक्षात घुसले. जखमी विमान परत आणून उतरविले, आणि सुदैवाने कोणी दगावले नाही. मागून झालेल्या चौकशीत दिसले की हिशेब नीट केला असता तर त्या आखूड पट्टीवरूनही ते विमान सुखरूप गेले असते.

तीन वर्षांनी, २० नोव्हेंबर १९७४ रोजी, नैरोबी येथे लुफ्तान्सा कंपनीचे जंबो उठताच खाली आले. १५७ माणसांपैकी ५९ गेली. जंबोचा हा पहिला प्राणघातक अपघात. पंखाच्या मागच्या कडेचे फ्लॅप नीट लागलेले होते. पुढच्या कडेचे मात्र उघडलेच नव्हते, कारण त्यांना हलविणारी दाबाची हवा बंद राहिली होती. तशा अवस्थेत उड्डाण होत आहे हे ओरडून सांगणारी पुरेशी सूचना त्या विमानात नव्हती. विमानावरच्या इंजिनियरवर खटला भरण्यात आला, आणि १९८१ साली तो निर्दोष सुटला. सात वर्षे त्या माणसाने कशी काढली असतील, हे मी माझ्या क्षेत्रातल्या अनुभवावरून थोडेसे जाणतो.

यानंतरचा इतिहास सूचनेच्या भोंग्याचा आहे. १६ ऑगस्ट १९८७ रोजी अमेरिकेत डेट्रॉइट येथे एक विमान फ्लॅप न लावताच निघाले. १५६ माणसे मेली. विमानातले चार वर्षांचे एक मूल तेवढे वाचले. भोंगा होता, पण त्याला वीज मिळत नव्हती. पुढच्याच वर्षी डॅलस येथे १४ माणसे गेली. तेथे तर तपासयादी वाचली गेली होती. "फ्लॅप?" असा प्रश्न झाला आणि "पंधरा, पंधरा, हिरवा दिवा" असे सवयीचे उत्तरही आले. फ्लॅप मात्र लागलेले नव्हते. आपणांकडे हजेरीपुस्तकात न पाहता सही होते, तसेच हे. १९९९ साली ब्वेनोस आयरेस येथे भोंगा सारा वेळ वाजत होता; वैमानिकांनी त्याचा अर्थ लावला नाही, आणि ६५ माणसे गेली. २००८ साली माद्रिदला पुन्हा फ्लॅप लागले नाहीत आणि भोंगाही वाजला नाही. १५४ माणसे गेली. डेट्रॉइटनंतर विमान बनविणाऱ्या कंपनीने सांगून ठेवले होते की भोंगा प्रत्येक उड्डाणापूर्वी तपासावा. माद्रिदच्या त्या कंपनीत तो दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी तपासला जाई.

या सर्व अपघातांत माणूस चुकला, हे खरेच आहे. मी ते नाकारीत नाही. परंतु "माणूस चुकला" एवढ्यावर चौकशी थांबली असती, तर भोंगा आलाच नसता, त्याची वीज तपासली गेली नसती, आणि एकाने विचारावे व दुसऱ्याने डोळ्यांनी पाहून उत्तर द्यावे ही शिस्तही आणखी कडक झाली नसती.

आता ही शिस्त अंगी बाणावयाची कोठे? खऱ्या विमानात फ्लॅप विसरून पाहता येत नाही. खोट्या विमानाची गरज येथे निर्माण होते, आणि त्याचा जन्म मोठा मजेदार आहे. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा एक तरुण वडिलांच्या वाद्यांच्या कारखान्यात काम करी. तेथे ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनत. आपल्या पेटीला जसा भाता असतो तसे त्या वाद्यांचे भाते वापरून त्याने १९२९ साली लाकडाचे एक छोटे विमान तयार केले. ते जमिनीवरच राही, पण दांडा हलविला की डुले, वळे, कलंडे. प्रथम लोक त्याकडे जत्रेतला खेळ म्हणून पाहत. १९३४ साली अमेरिकेच्या लष्करावर टपाल नेण्याचे काम आले, आणि धुक्यात व वादळात एकामागून एक वैमानिक मरू लागले. तेव्हा लष्कराने त्याची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात अशी हजारो यंत्रे चालू होती. खेळण्याचे साधन झाले, पण त्यासाठी आधी माणसे मरावी लागली. कामगारांच्या सुरक्षिततेच्या बहुतेक साधनांची कथा अशीच आहे.

आजचा मोठा सिम्युलेटर म्हणजे सहा यांत्रिक पायांवर उभी असलेली वैमानिकांची खोली. प्रवासी विमानाच्या वैमानिकाला नोकरीभर ठरावीक मुदतीने तेथे परीक्षा द्यावी लागते. नेमक्या निर्णयाच्या वेगाला त्याचे इंजिन बंद पाडतात. उष्णता वाढवितात, पट्टी ओली करतात. तो चुकला तर यंत्र थांबवून पुन्हा पहिल्यापासून करावयास लावतात. चुकण्याची परवानगी असलेली ही जागा आहे.

त्या मुलाच्या खोलीतले यंत्र यापुढे खेळणेच. तरी मी त्याला म्हणालो, "आपलं लोहगाव घे. दुपार, चाळीस अंश उष्णता, लंडनला पुरेल एवढे इंधन, विमान मोठे." प्रथम त्याने फ्लॅप थोडा ठेवला. विमान धावत राहिले आणि पट्टी संपली. मग त्याने फ्लॅप वाढविला. आता जमीन सुटली. पण त्याने एक इंजिन बंद करताच विमान वर जाईना, समोरच्या घरांकडे सरकू लागले. मधले आकडेही घेऊन पाहिले. मी विचारले, "मग बरोबर फ्लॅप कोणता?" तो म्हणाला, "काका, या वजनाला कुठलाच नाही. वजन उतरवावं लागेल."

हे उत्तर ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो. कारण माझ्यापुढे १९९६ सालचा श्रावण उभा राहिला.

तेव्हा मी एका टोळीचा मुकादम होतो. पोते शंभर किलोचे असे. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ सालीच ५५ किलोंहून अधिक ओझे एका माणसावर नसावे अशी शिफारस केलेली होती. पण यार्डातल्या पाठीला ती कोणी सांगितली नव्हती. त्या दिवशी पाऊस होता आणि गाळ्यापुढे ट्रकांची दाटी होती. लांब फळीला जागा मिळेना, म्हणून आखूड फळी लावली. ती मी लावावयास सांगितली. तिच्यावरच्या आडव्या पट्ट्या झिजलेल्या होत्या. आमच्यातला एक जण पोत्यासह घसरला आणि त्याची मांडी मोडली. व्यापाऱ्याने लगेच कागद केला : हमालाच्या निष्काळजीपणामुळे अपघात. साक्षीदार म्हणून मुकादमाची सही हवी होती. माल त्याच दिवशी जावयाचा होता. मी सही केली.

पंधरा दिवसांनी ती फळी पुन्हा वापरावयास काढली, तेव्हा मी प्रथमच तिच्याकडे नीट पाहिले. पण कागद गेलेला होता. त्या माणसाला मिळायला हवी होती तेवढी भरपाई त्या कागदामुळे मिळाली नाही. त्याने पुन्हा ओझे उचलले नाही. आजही तो वाटेत भेटला की रामराम करतो, आणि माझी मान वर होत नाही. त्या वेळी मी तीनदा चुकलो होतो. फळी न पाहता लावली, ओझ्याचा प्रश्न काढलाच नाही, आणि शेवटी ज्याची मांडी मोडली त्याच्याच नावावर दोष लिहिला. टपरीवर मान डोलावली तेव्हा माझ्या हातून चौथ्यांदा तेच झाले.

अहमदाबादचे पुढे काय निघाले, ते आता सांगतो. १२ जुलै २०२५ रोजी चौकशीचा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध झाला. जळालेल्या अवशेषांत फ्लॅपचा दांडा ५ अंशांवर घट्ट बसलेला मिळाला, आणि विमानातील नोंदयंत्रानेही तेच सांगितले. उड्डाणाला जो असावयास हवा तोच तो आकडा होता. वृत्तसंस्थांच्या बातम्यांप्रमाणे एअर इंडियाच्या वैमानिकांनी सिम्युलेटरमध्ये फ्लॅप मिटलेले आणि चाके खाली ठेवून तोच प्रसंग उभा करून पाहिला. तेवढ्याने विमान पडले नाही. अहवालात दुसरीच गोष्ट नोंदली होती. विमान उठल्यानंतर दोन्ही इंजिनांच्या इंधनाचे खटके एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले. एका वैमानिकाने दुसऱ्याला, तू इंधन का तोडलेस, असे विचारले. दुसरा म्हणाला, मी नाही. ते खटके कसे फिरले हे त्या अहवालाने सांगितलेले नाही. तरी लोकांनी एका महिन्यात दोषी बदलून टाकला : आधी फ्लॅप विसरणारा वैमानिक, मग खटका बंद करणारा वैमानिक. वैमानिकांच्या संघटनांनी या घाईला हरकत घेतली. त्यांचे पगार आमच्या हमालांच्या कितीतरी पटींनी मोठे. पण मेलेल्या माणसाला आपली बाजू मांडता येत नाही, ही अडचण दोघांनाही सारखीच आहे.

लोहगावचेच एक उदाहरण देतो. १५ फेब्रुवारी २०२० रोजी एअर इंडियाचे एक विमान तेथून उडण्यासाठी धावत होते. ताशी सुमारे २२२ किलोमीटरांचा वेग आला असताना वैमानिकांना पुढे पट्टीवर एक जीप आणि एक माणूस दिसला. त्यांनी विमान नेहमीपेक्षा लवकर उचलले. शेपटीकडचा भाग जमिनीला घासला, पण विमान दिल्लीला सुखरूप उतरले. हे दोन-तीन सेकंदांत आकाशवाणी होऊन सुचत नाही. खोट्या विमानात शंभरदा चुकलेल्या हाताला ते एकदा बरोबर जमते.

आमच्या यार्डात आता पोते पन्नास किलोचे झाले आहे. ते आपोआप झाले नाही. त्यासाठी हमालांना अनेक वर्षे मागणी करावी लागली. विमानवाल्यांच्या भाषेत आम्ही वजन उतरविले. परंतु नव्या पोराने पहिले पोते उचलावे ते अजून चालू ट्रकवरच. चुकून पाहावयाची जागा त्याला नाही. पोत्यात भुसा भरून, अंगणात फळी मांडून, महिन्यातून एक सकाळ या पोरांना फळी कशी पाहावी, पट्ट्या कशा तपासाव्या आणि चढ बरोबर नसेल तर मुकादमाला "नाही" कसे म्हणावे, हे शिकविण्याचे आम्ही योजले आहे. तसेच अपघाताच्या कागदावर माणसाच्या नावाआधी फळीची लांबी, पोत्याचे वजन आणि जमीन ओली की कोरडी, हे तीन रकाने भरले जावेत असा आमचा आग्रह आहे. ते भरल्याशिवाय मी सही करीत नाही.

आपण पुणेकर वर्तमानपत्र वाचणारी, व्याख्याने ऐकणारी माणसे आहात. उद्या कोठेही अपघात झाला, विमानाचा असो वा रस्त्यावरच्या बसचा, आणि कोणी म्हणाला की चालक विसरला, तर मान डोलावण्यापूर्वी ओझे किती होते आणि जागा किती होती, एवढे दोन प्रश्न विचारावे, अशी माझी विनंती आहे.